पायरीवर बदललेली बाटली

दुपारी मी दुकानात का नसतो, विचारता ना? ऐका. शेवगावात माझं खत-औषधांचं दुकान. कित्येक महिने झोप नव्हती, पण मालकानं दमलो म्हणायचं नसतं, हा माझा हेका. एकदा कपाशीवरच्या मावा किडीचं औषध न्यायला आलेल्या शेतकऱ्याला मी चक्क तणनाशक दिलं. फवारलं असतं तर उभं पीक जळालं असतं. दुकानातल्या आमच्या जुन्या रामभाऊंनी त्याला पायरीवर गाठून बाटली बदलली.

मी उखडलो, "आधी मला सांगायचं ना!"

"या महिन्यातली ही तिसरी चूक हाय, मालक."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी तरी कुठं बोललात, झोप येत न्हाई म्हणून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातल्या सगळ्या माणसांसमोर म्हणालो, "मी दमलोय." कुणी हसलं नाही. रामभाऊंनी चाव्यांसाठी हात पुढे केला.

"जा, झोपा. बाटल्या आमी बघतो."