न चालवता घेतलेली फटफटी

हॅलो?… हो, शिरपूर दवाखाना… कुठून, जळगावहून?… हो, मीच नर्सबाई. द्या, जोडून द्या.

हॅलो… कोण, अक्का?… अगं, मीच, सुगंधा. भाऊजींच्या पेढीवरून बोलतेस का?… काय झालं? घरी सगळे बरे ना?… मग रडतेस कशाला?

मी? मला काय धाड भरलीय? हात-पाय जागच्या जागी आहेत… पत्र टाकलंय मी. मिळेल उद्या-परवा.

कोण आलं होतं? बन्सीलालशेठ?… पुढचा ब्रेक लागत नाही म्हणाला? आणि हे तो आज सांगतोय? मी परवा त्याच्या दारातून गाडी नेली तेव्हा तोंडात काय धरलं होतं त्यानं?… अगं, ऐक ना. मला ठाऊक आहे ते. एरंडोलच्या अलीकडेच कळलं.

नाही, पडले नाही… बरं, धडकले. पण कापसावर धडकले… अगं, पुढे कापसानं भरलेली बैलगाडी होती. मी ब्रेक दाबला, काहीच होईना. पायाचा ब्रेक आठवेपर्यंत पुढचं चाक कापसात. गाडीवान वर झोपला होता, तो दचकून उठला. मला बघून त्यानं आधी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मग विचारलं, लागलं का. मी म्हटलं नाही. मग दोघांनी मिळून चाक ओढून काढलं.

चालवून बघायला हवी होती, हे तू मला सांगतेस? भाऊजींना विचार, ते होते ना माझ्यासोबत. मी दोनदा म्हटलं, शेठजी, पेठेतून एक फेरी मारून बघते. तर म्हणाला, "बाई, एकदा बाईमाणसानं बाजारातून फिरवली की ती गाडी मग कोणी घेणार नाही. घ्यायची तर उभी आहे तशी घ्या."… हो, अगदी असंच. आणि भाऊजी हसले त्यावर… हसले, अक्का. त्यांच्या समोरच सांग.

म्हणून घेतली. रागानं नाही… थोडी रागानंही. पण मला गाडी हवीच होती. दिवाळीनंतर त्या पाड्यावर मी बैलगाडीनं पोचले, तेव्हा ती अडलेली बाई गेलेली होती. आठवतं ना, किती दिवस मला जेवण जात नव्हतं? दुसरी गाडी कुठे मिळणार होती? ही लढाईतली मिलिटरीची, लिलावात निघालेली. नवी घ्यायची माझी ऐपत नाही.

येते गं चालवता. यांनीच नाही का शिकवलं, नदीकाठी, त्यांच्या दोस्ताच्या फटफटीवर? लायसनही धुळ्याहून काढलंय… नाही, यांना अजून सांगितलं नाही. ट्रक घेऊन इंदूरला गेलेत. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मी येईपर्यंत थांब, मी बघतो चालवून. मग यांचा माल उतरायचा, ट्रक बिघडायचा, तोवर गाडी दुसऱ्यानं नेली असती.

हो… हो… अगं, पुढचं तर ऐक. त्या दोस्ताच्या फटफटीला गिअर पायात होता. हिला टाकीजवळ एक दांडा आहे, उजव्या हाताला. दुकानात पाहिला तेव्हा मला वाटलं, पेट्रोलचा असेल… हसू नकोस. जळगावच्या वेशीपासून एरंडोलपर्यंत पहिल्या गिअरवर आले मी. गाडी नुसती ओरडत होती. सायकलवाले पुढे जाऊन मागे वळून बघत होते. धडकल्यावर तिथेच रस्त्याच्या कडेला बसले आणि तो दांडा पुढे-मागे करून बघितला, तेव्हा उलगडलं. त्यासाठी उजवा हात सोडावा लागतो. पहिल्यांदा सोडला तेव्हा डोळे मिटले होते मी.

पण त्यानंतर, अक्का… त्यानंतर पारोळ्यापर्यंत जी आले ना, तसं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं… खरंच सांगते. दोन्हीकडे वेचणीच्या बाया. कंबर सरळ करून बघायच्या. एका म्हातारीनं हात वर केला, मीही केला. आणि तुझं नऊवारी किती कामाला आलं. काष्टा होता म्हणून बसता तरी आलं. परत देणार नाही ते, आधीच सांगते.

धुळ्यात? धुळ्यात पोलिसानं अडवलं. लायसन मागितलं. दिलं. त्यानं ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. तोवर चहाच्या दुकानातली सगळी माणसं गोळा झाली होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तर त्यानं माणसांनाच बाजूला केलं आणि म्हणाला, जाऊ द्या बाईंना. आग्रा रोडला लागले ती उजेडात शिरपूरला पोचले.

हॅलो?… हो, वेळ वाढवा. त्या एक्सचेंजच्या बाईंना सांग ना अक्का, वाढवा म्हणून… हं. आता खरं काय ते ऐक. कालचं.

काल सकाळी मी दवाखान्यात येते तर दारात धना उभा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. रात्रभर चालत आला होता. त्याची बायको जमना, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. डॉक्टरसाहेब नेमके धुळ्याला. बैलगाडी जोडली असती तर दिवस मावळला असता. मी पिशवी भरली, त्याला म्हटलं, मागे बस. तो बसेना. गाडीला हात लावायलाही भीत होता. मग म्हटलं, जमनेला बघायचंय ना? बसला. माझी पिशवी पोटाशी घट्ट धरली त्यानं आणि वाट दाखवायची सोडून डोळे मिटून घेतले.

रस्ता कसला, चाकोरी नुसती. नाल्याच्या वाळूत गाडी रुतली. धनानं मागून ढकलली, मी पुढून खेचली. पलीकडे निघालो तर ती चालू होईना. किक मारून मारून माझं पाऊल सुजलं. आज चप्पल घालवत नाही. धना नुसता पाड्याच्या दिशेला बघत उभा राहिला. त्याचं ते बघणं मला सोसेना, अक्का. मनात म्हटलं, न चालवता घेतलीस, आता भोग. प्लग काढला, पदरानं पुसला, परत लावला. आणि झाली सुरू.

पोचले तर मूल पायाळू. जमनेत ताकद उरली नव्हती. तिची आई दिवालीबाई तिच्या उशाशी बसून तिचा घाम टिपत होती. मी हात धुतले आणि… जाऊ दे, पेढीवर माणसं असतील तुझ्या… बाळ आलं, पण निळं. रडेना. पाय धरून उलटं केलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, फुंकर घातली.

हो… रडली. मुलगी आहे. अशी रडली की बाहेर धना खाली बसला. मग जमनेला रक्त जायला लागलं, पण त्यावरची सुई मी बरोबर नेली होती, टोचली. थांबलं ते. दिवालीबाईनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाई, तू वखतवर उनी, बठ्ठं भेटनं." वेळेवर आलीस, सगळं मिळालं म्हणे.

तू परत रडतेस… मीही रडले गं. गाडीला टेकून रडले, कोणी बघत नाही असं पाहून.

काय?… कोण, तिथेच बसलाय बन्सीलालशेठ? पैसे परत देतो म्हणतो?… फोन दे त्याच्याकडे. दे तू.

नमस्कार, शेठजी… हो, कळलं सगळं… नाही, तुमच्या जिवाला घोर लागला म्हणून आज आलात, ते बरं केलंत. पण गाडी परत मिळणार नाही… दुप्पट दिले तरी नाही. तुम्ही एवढंच करा, ब्रेकचं सामान उद्याच्या एसटीनं पाठवा, शिरपूर दवाखाना म्हणून… हो, तुमच्याच खर्चानं… आणि शेठजी, पुढच्या बाईला एक फेरी मारू द्या. तिच्या वाटेत कापसाची गाडी असेलच असं नाही… बरं. द्या अक्काला.

अक्का?… भाऊजी काय म्हणतात?… त्यांनी म्हटलं असं? मी शिरपूरला येऊन बघतो म्हणाले?… येऊ देत. घरी या म्हणावं, वांग्याचं भरीत करते.

थांब हं… बाहेर ट्रक थांबला वाटतं… अगं, हेच आले. इंदूरहून थेट इकडेच… नाही, अजून आत आले नाहीत. गाडीपाशी उभे आहेत. धनाचा भाऊ तिथे बसलाय, औषध न्यायला आलाय, तो त्यांना काहीतरी सांगतोय. हात करून करून सांगतोय.

आता गाडीभोवती फिरताहेत… वाकून बघताहेत… टोपी काढलीय त्यांनी… हसताहेत. एकटेच हसताहेत.

खिडकीशी आले… काय?… अगं, तुला नाही, मी यांना विचारलं… विचारताहेत, एक फेरी मारून बघू का.

हो, सांगते त्यांना…

अहो, थांबा तिथेच, मी आले. तुम्ही मागे बसा.

ठेवते, अक्का.