आकडा न टाकलेला उजेड

नाव युदेल्का फेलिस कुएवास, वय ४१, धंदा ब्यूटी पार्लर, राहणार दवाखान्यामागची चढणीची गल्ली, बाराओना, डोमिनिकन रिपब्लिक.

मी बोलावल्यावरून ठाण्यात हजर झाले आहे आणि विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर खाली माझे पार्लर आहे. वरच्या मजल्यावर मी आणि माझे वडील लेओकाद्यो फेलिस राहतो. वडील गवंडी होते. हे घर आणि त्याचा जिना त्यांनी स्वतः बांधला. जिन्याला दोन्ही बाजूंनी भिंती असल्यामुळे तिथे भर दुपारीही अंधार असतो.

वडिलांची नजर गेल्या वर्षापासून अधू झाली आहे. अंधारात त्यांना पायरी दिसत नाही आणि मोठा दिवा लावला तर डोळ्यांपुढे चुना फासल्यासारखे सगळे पांढरे होते. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात ते जिन्यावरून पडले. तेव्हापासून ते पार्लरच्या मागच्या खोलीत, शाम्पूच्या बाटल्या आणि ड्रायरच्या आवाजात झोपत होते. बायकांसमोर बनियनवर फिरता येत नाही, याचा त्यांना फार राग होता.

न्यूयॉर्कला राहणारी माझी बहीण मिल्केया हिने त्यांना तिकडे न्यायचे ठरवले. वडिलांना जायचे नव्हते. त्यांची कबुतरे आणि डॉमिनोचे टेबल दोन्ही गच्चीवर आहेत. शेवटी मिल्केया फोनवर म्हणाली की, ती शनिवारी येते आहे. पापा कोणाचाही हात न धरता जिना चढले-उतरले तर ते इथेच राहतील, नाहीतर तिच्याबरोबर विमानात बसतील. मी कबूल झाले.

म्हणून मी पायऱ्यांना दिवे लावायला घेतले. एलईडीची पट्टी विकत आणली आणि ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून प्रत्येक पायरीच्या कडेखाली चिकटवली. वरून दुधी प्लास्टिक लावले, म्हणजे दिव्यांच्या टिकल्या डोळ्यांत खुपत नाहीत. उजेड कमी-जास्त करायला मी जुन्या पंख्याचा रेग्युलेटर जोडला. ती माझी चूक. दिवे मंद होण्याऐवजी लुकलुकायला लागले. वडील म्हणाले की, हे पार्लर आहे की नाचाचा अड्डा. मग गाड्यांना मोठमोठे स्पीकर बसवणाऱ्या नेलसिदोने मला बारा व्होल्टचा डिमर दिला आणि ट्रकची जुनी बॅटरीही दिली. ती जिन्याखाली ठेवली. लाइट असताना चार्ज होते, लाइट गेली की तिच्यावर पट्टी चालते. बटण अगदी थोडे फिरवले की पायऱ्यांच्या फक्त कडा उजळतात. वडिलांना तेवढाच उजेड मानवतो. मी हात धरून त्यांना रोज सराव देत होते. हात सोडायला ते तयार नव्हते आणि खरे सांगायचे तर मीही नव्हते.

आमच्या वस्तीत लाइट जाणे ही बातमी नाही. राहिली तर लोक विचारतात, काय झालं म्हणून. दवाखान्याची लाइन मात्र कधी जात नाही आणि तिची तार माझ्या भिंतीजवळून जाते. माझा इन्व्हर्टर कधीचा बंद आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण मीच ओरडून सांगितले होते. त्यामुळे सगळीकडे अंधार असताना माझ्या जिन्यात उजेड, तोही कमी-जास्त होणारा, म्हटल्यावर मी दवाखान्याच्या तारेवर आकडा टाकला, असा बोभाटा झाला. आमच्याकडे उजेडाचा दुसरा अर्थ कोणाला सुचत नाही.

तक्रार समोर राहणारे एलिहिओ मातोस यांनी दिली. त्यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला माझे वडील धर्मपिता होते. तेव्हापासून दोघे एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतात आणि रोज डॉमिनो खेळत. वडील पडल्यापासून एलिहिओकाका एकदाही घरी आले नाहीत. मला त्याचे वाईट वाटले होते. तक्रारीचे त्याहून वाटले.

काल गुरुवारी दुपारी लाइट गेलेली असताना सार्जंटसाहेब, वीज कंपनीचा लाइनमन आणि एलिहिओकाका पार्लरमध्ये आले. एका बाईच्या डोक्यात रोलर तसेच ठेवून मी त्यांना जिना दाखवला. लाइनमनने हाताने तार चाचपत नेली, ती बॅटरीपाशी संपली. एलिहिओकाका मात्र मोठ्या आवाजात म्हणत होते की, दुसरी तार भिंतीत असणार, लेओकाद्यो जुना गवंडी आहे, त्याला भिंतीत काय लपवायचं ते बरोबर कळतं.

तो आवाज वर ऐकू गेला. त्या दिवशी सरावानंतर मी वडिलांना वर सोडून खाली आले होते. ते जिन्याच्या तोंडाशी आले आणि भिंतीला पंजा लावून उतरू लागले. शेवटच्या पायऱ्यांवर मी पुढे होऊन त्यांचा हात धरला व त्यांना खाली उतरवले.

वडील म्हणाले, "कोम्पाद्रे, वीज चोरायची असती तर तुझ्या घरून चोरली असती. तुला पत्ताही लागला नसता."

एलिहिओकाकांनी विचारले, "तुला पायरी दिसते?"

"कड दिसते. बाकीची मीच बांधली आहे. इतके दिवस कुठे मेला होतास?"

एलिहिओकाका म्हणाले, "तुला भिंत चाचपताना बघवत नव्हतं रे."

नंतर दोघे गच्चीवर गेले. तक्रार नोंदलेली असल्यामुळे सार्जंटसाहेबांनी पुरावा म्हणून डिमर आणि बॅटरी जप्त केली. एलिहिओकाका आज तक्रार मागे घेतो म्हणतात. घेवोत वा न घेवोत, माझ्या दोन्ही वस्तू आजच परत मिळाव्यात, उद्या मिल्केया येते आहे. एवढीच विनंती आहे.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सोबत आलेले वडील बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी एका जागी हरकत घेतली. शेवटच्या पायऱ्यांवर मुलीने हात पुढे केला होता, पण आपण तो धरला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मी त्या वेळी रडत असल्याने मला नीट आठवत नव्हते. आता आठवते. माझा हात रिकामाच होता. तेवढे दुरुस्त करून घ्यावे, बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.