पट्टीला लागलेलं पाणी

चूक माझीच, हे आधी सांगून टाकतो, न्हाईतर बोलता बोलता मी ती दुसऱ्याच्या अंगावर ढकलीन. आमी वालूरकडचे, मेंढरं राखणारे. उन्हाळ्यात ओढा बारीक झाला की आडवे दगड लावायचे, सांदीत चिखल भरायचा, मेंढरांपुरतं पाणी तुंबवायचं, ही लहानपणापासूनची हाताची सवय. सातवी शिकलो म्हणून ओढ्याचं पाणी मोजायच्या कामावर लागलो. काम काय, तर पाण्यात रोवलेली आकड्यांची पट्टी रोज वाचायची आन हपिसात कळवायचं. साहेब लय चांगला माणूस. म्हणायचे, पाऊस सरल्यावर ओढा किती सावकाश उतरतो त्यावरून वरच्या सगळ्या शिवाराचा स्वभाव कळतो, जमीन पाणी पोटात धरती का लगेच सोडून देती. मला वाटायचं, शिवाराला बी स्वभाव असतो व्हय?

दुष्काळात ओढा पट्टी सोडून खाली उतरला. साहेबांना विचारलं तर जीपमधूनच म्हणाले, पट्टीला पाणी लागलं पाहिजे, बघा तेवढं. बघितलं की मी. पट्टीच्या खालच्या अंगाला दगड लावले, चिखल थापला, पाणी तुंबून पट्टीला लागलं. काय सांगू तुम्हाला, हुकूम पाळला म्हणून किती खूश होतो.

मग आजूबाजूचे ओढे आटले आन माझा आकडा काही हलेना. साहेब हरखले, म्हणाले, या ओढ्याला आतून झिरा हाय, इथं विहिरीची घाई नको. ओढ्याकाठच्या वस्तीवरच्या बौद्ध मंडळींसाठी ठरलेली विहीर मागं पडली. मला काही उमगेना. पट्टी म्हणती पाणी हाय, आन बाया घागरी घेऊन लांबच्या मळ्यात जायल्यात. डबक्यातलं पाणी तर शेवाळून हिरवं झालेलं. वस्तीवरची गयाबाई मला म्हणली, काय वो पाणीवाले, तुमची पट्टीच पिती का समदं पाणी? बाया हसल्या. मी बी हसलो, कशाला हसलो कुणाला ठाऊक.

पुढं साहेब सोता ओढ्यात उतरले, दगड बघून कपाळाला हात लावला. अहो, पाणी उतरलं तर पट्टी खाली न्यायची, पाणी वर आणतेत का? मी म्हणलं, साहेब, तुमीच म्हणला होता की, पट्टीला पाणी लागलं पाहिजे. कोण चुकलं हेच मला लय दिवस कळलं न्हाई.

विहीर झाली, पण तो उन्हाळा गेल्यावर. त्याच उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीच्या पायरीवरून गयाबाई घसरली, अजून काठी टेकत चालती. दगड कुणी लावले हे वस्तीत कुणाला माहीत न्हवतं, आन मी सांगितलं न्हवतं. तिकडून जायचं झालं तर वाट बदलून जायचो.

परवा मात्र गेलो. ती नव्या विहिरीच्या कट्ट्यावर बसलेली. जयभीम केला. म्हणली, काय पाणीवाले, आज वाट चुकलात जणू? म्हणलं, आज न्हाई बाई, तवा चुकलो. ओढ्यातले ते दगड माझे. पट्टी न्यायची होती पाण्यापाशी, मी पाणी आणलं पट्टीपाशी. तुमची विहीर माझ्यामुळं लांबली. चुकलं माझं, बाई, माफ करा.