चढावरचा आवाज

बाळंतपणाचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्या थोरल्याच्या वेळी मालकांना माझ्या कळांपेक्षा मोटारीचीच धास्ती जास्त होती.

निजामाचं राज्य होतं तवा. आमचे मालक सेनगाव-हिंगोली मोटार चालवायचे. इंजिनाचा दम इतका गेलेला, की चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. रहीममिस्त्री म्हणाले, "भाऊ, क्रँक बदलून पिस्टनची धाव वाढवू, हेच इंजिन जोर धरेल. न्हाई तर मोडक्या लॉरीचं मोठं इंजिन बसवू."

मालकांची झोपच उडाली. जुनं वाढवलं अन् फुटलं तर? मोठं बसवलं अन् गाडीला झेपलंच न्हाई तर? जो भेटेल त्याला विचारायचे. शेवटी मोठं बसवलं, अन् दुसऱ्याच दिवशी मला कळा सुटल्या. त्याच मोटारीनं हिंगोलीच्या दवाखान्याकडं निघालो.

मागं सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून मी, पुढं मालकांच्या शेजारी मिस्त्री. चढ लागला तसे मालक घामाघूम झाले.

"मिस्त्री, आवाज येऊन राहिला हो!"

"इंजिन बराबर हाय, भाऊ."

"न्हाई, कण्हून राहिलं ते! बेअरिंग गेलं वाटतं."

अन् भर चढावर मोटार थांबवून त्यांनी बॉनेट उघडलं की!

मी मागून ओरडले, "अहो, ते मी कण्हून राहिले! चला आधी!"

इंजिन एका दमात चढलं. दवाखान्यात थोरला सुखरूप झाला. पण हिंगोली येईस्तोवर मागं वळून माझ्याकडं बघायची मालकांची काही हिंमत झाली न्हाई.