टाकीच्या फाइलीतलं गाव

तेजल: आता पुन्हा उघडू नका, प्रतापकाका. तीनदा उघडलीत, तिन्ही वेळा टाकीच दिसली. चौथ्यांदा काय विमान दिसणार आहे?

प्रताप: एकदाच गं. कधी कधी येळ लागतो खरी फाइल यायला.

तेजल: इथला सर्व्हर मी सांभाळते ना? मग माझं ऐका. 'टाकी-पाया-७' ही फाइल काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या हर्षितने सेव्ह केलीय. आत टाकीचा पाया आहे, नावाला जागून. सतरा वर्षं ड्रॉइंगच्या टेबलावर काढलीत तुम्ही, आणि एका टाकीसाठी सारखी फाइल उघडताय?

प्रताप: त्यात टाकी नव्हती.

तेजल: मग काय होतं?

प्रताप: दार लोट आधी.

तेजल: सगळे जेवायला गेलेत, काका. आपण दोघंच आहोत. बोला.

प्रताप: गाव व्हतं.

तेजल: कुणाचं?

प्रताप: आमचं. प्रकल्पात उठलं ते. मी सात वर्षांचा व्हतो. आता तिथं तारेचं कुंपण हाय, आत कोणाला सोडत नाय. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं काढायचो. दोन वर्षं झाली. एकसष्ट घरं, चार विहिरी, देऊळ, मासळी सुकवायचं खळं, कोणाच्या दारात काय झाड. सगळं मापात.

तेजल: आणि नाव दिलंत टाकी-पाया?

प्रताप: 'आमचं गाव' असं लिवलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, कंपनीच्या मशीनवर हे काय. टाकीचं नाव दिलं का कोण बघायला जातो? तेबी टाक्यांच्याच फोल्डरात.

तेजल: पण सातच आकडा का?

प्रताप: कंपनीत टाक्या सहाच व्हत्या. सातवी येल, असं वाटलंच नाय.

तेजल: धन्य आहात. बरं, हसत नाही. काल नेमकं काय झालं ते ओळीने सांगा.

प्रताप: काल पुरं झालं. शेवटची रेघ ओढली. मोठ्या कागदावर प्रिंट दिली आणि पडदा पांढरा. माउस हलंना. हर्षितचंबी तसंच. मग नेटवर्क गेलं. मी वाट बघून पाच वाजता घरी गेलो. त्यानं मागाहून परत चालू करून त्याची टाकी सेव्ह केली असंल.

तेजल: 'या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का' असं मशीनने विचारलं असणार.

प्रताप: आणि तो हो म्हणाला.

तेजल: तो प्रश्न वाचून मग उत्तर देणारा माणूस या ऑफिसात अजून जन्माला यायचाय. तुमच्याकडे दुसरी प्रत? फोनवर फोटो?

प्रताप: फोन गेटवर जमा करावा लागतो. पेनड्राइव्ह तूच बंद केलेस.

तेजल: वरून आदेश होता, काका. आता मलाही बोचतंय ते. थांबा, बॅकअप बघते. अरे देवा. दुष्काळात तेरावा महिना! डिस्क दिवाळीपासून भरलीय, त्यानंतरचं काहीच उतरलेलं नाही. दिवाळीची प्रत आहे. उघडू?

प्रताप: उघड. उघड लवकर.

तेजल: घ्या.

प्रताप: हाय! ही खालची आळी. ही बुधाची विहीर, हिचं पाणी गोड. हे भावनाआत्याचं दुकान, गोळ्यांच्या बरण्या ठेवायची. तेजल, बघ तरी, हे खळं!

तेजल: बघतेय. कसलं सुंदर काढलंय हो. मग मिळालं की सगळं!

प्रताप: आमचं घर नाय.

तेजल: देवळाच्या मागे ही मोकळी जागा आहे, ती?

प्रताप: तीच. आई सगळ्यांची घरं सांगायची. ह्याच्या पडवीत झोपाळा, त्याचा उंबरा उंच. आपल्या घरापाशी आली का गप्प. मी किती विचारलं. मग होळीच्या आधी एका दुपारी आपणच बसली आणि सगळं बोलली. चूल कुठं, जातं कुठं, बाबांची खाट कुठल्या खिडकीशी. पावलं मोजून सांगितली. आकडे मी पाकिटामागं लिवले, इथं येऊन काढलं, पाकीट टाकून दिलं.

तेजल: मग पुन्हा बसा त्यांच्यापाशी. दोन दिवसांचं काम.

प्रताप: आता ती मलाच म्हणते, भाऊ, तुमी कोणाचे?

तेजल: कधीपासून?

प्रताप: गुढीपाडवा झाला आणि विसरत गेली. मी जेवण वाढतो, ती माझे आभार मानते गं. परक्याचे मानतात तसे. मला वाटलं, घर दाखवलं का त्या घरातला मी तिला सापडेन. येडेपणा असंल. पण मला ती हवी हाय परत. एक दिवस तरी.

तेजल: काका... पाणी घ्या. रडलात तरी चालेल, मी कोणाला सांगत नाही.

(टेबलावरचा फोन वाजतो. तेजल स्पीकर लावते.)

प्रीतम: ड्रॉइंग ऑफिस ना? मी प्रीतम, टाकीच्या साइटवरनं, ठेकेदाराचा सुपरवायझर. भाऊ, काय पाठवलंय तुमी? सकाळपासून माझी माणसं बसून हायत. कोपऱ्यात 'टाकी-पाया-७' लिवलंय आणि टाकीचा पत्ताच नाय. खड्डा कुठं मारू, भावनाआत्याच्या दुकानात?

तेजल: काका! तुमची प्रिंट! ती रांगेत अडकून होती. काल संध्याकाळी नेटवर्क आलं तशी आपोआप निघाली असणार, आणि सकाळी कोपऱ्यातलं नाव बघून शिपायाने साइटवर पोचवली!

प्रताप: प्रीतम, ऐक माझं. त्याच्यावर काही लिवू नको. घडी घालू नको. चहाचा पेला ठेवू नको. मी येतोय.

प्रीतम: पेला कोण ठेवू देतोय! आमच्या बन्सी मिस्त्रीनं कागद ताब्यात घेतलाय. सिमेंटच्या गोण्यांवर पसरून बसलाय म्हातारा. मी बोललो, चाचा, काम चालू करो. ऐकतच नाय. घ्या, तुमीच बोला.

बन्सी: कोण हाय?

प्रताप: मी प्रताप. कागद माझा हाय.

बन्सी: परताप कोणाचा?

प्रताप: सुलूचा. देवळामागची सुलू.

बन्सी: सुलूवयनीचा? विहिरीत पडलेला तो?

प्रताप: तोच. तुमी?

बन्सी: मीच तुला वर काढला. खळ्याजवळचा बन्सी. आमच्या दारात तू आंबा काढलास. आंबा नव्हता रे, भोकर व्हता. बाकी सगळं बरोबर हाय. वयनी हाय का?

प्रताप: हाय. पण कोणाला ओळखत नाय आता. काका, देवळामागं आमचं घर हाय ना कागदावर? नीट बघा.

बन्सी: थांब. हाय. चूलसुद्धा हाय. दारातनं दिसायची तशीच.

तेजल: काका, जा तुम्ही. खरी टाकी मी छापून घेते, साहेबांना मी बघते. माझी स्कूटर न्या.

प्रताप: बन्सीकाका, वीस मिनिटांत येतो. आजच तिच्यापुढं पसरायचा हाय.

बन्सी: ये. पण घाई करू नको.

प्रताप: का?

बन्सी: कागदावर बोटानं चालत निघालोय. अजून खालच्याच आळीत हाय. घरी पोचलो का देतो.