इंद्रभान म्हणून कोणी हाक मारली

(नांदुऱ्याजवळचं खेडं. भर दुपार. गोजरबाई ज्वारी पाखडत बसली आहे. तिचा विशीतला मुलगा उकंडा दारात उभा.)

उकंडा: ...म्हनून बदलूनच टाकलं. जिनिंगच्या हजेरीत मुकादमानं नाव पुकारलं का सारे हासतात, माय. परवा नागपूरचा साहेब आल्ता, त्यालेबी हसू आलं. मी सांगतलं, आजपासून इंद्रभान लिवा.

गोजरबाई: कोनाले इचारून?

उकंडा: माह्या नावासाठी कोनाले इचारू? उकंडा म्हंजे शेणाकचऱ्याचा ढीग. पोटच्या पोराले असं नाव ठेवते काय कोनी?

गोजरबाई: ठेवते. तुह्याआंधी चार झाले. चौघाईचे नावं चांगले ठेवले, तीट लावली, गूळ वाटला. एकबी बोलाच्या वयाले नाही आला. तू झाला तसा सुपात घालून उकंड्यावर टाकून आली. शेजारच्या सोजरानं उचलला. तिच्यापासून मूठभर कोंड्यात इकत घेतला तुले. नेनारीले कचरा दिसला पाह्यजे, पोरगा नाही.

उकंडा: नेनारी कोन?

गोजरबाई: तिचं नाव काढत नसतात.

उकंडा: म्हनून वीस वर्सं मले मेल्या अन् मुडद्या? कधी जवळ नाही घेतलं तू.

गोजरबाई: घेतलं असतं तं तिले दिसलं असतं. तू झोपला का पाह्यत बसायची मी. तेबी चोरून.

उकंडा: मंग आज काऊन म्हनलं, इंद्रभान?

गोजरबाई: म्या?

उकंडा: आत्ता येता येता, वावरामधल्या पांदीच्या वाटेत. मांगून हाक मारली ना तू, लय लाडानं.

गोजरबाई: मी सकाळपासून या सुपापासून उठली नाही.

उकंडा: आवाज तुहाच होता.

गोजरबाई: तू ओ देल्ली?

उकंडा: देल्ली. वळून पाह्यलं तं कोनीच नव्हतं.

गोजरबाई: अरे, मी कधी असी गोड बोलली तुह्याशी? तुले समजलं नाही?

उकंडा: कधीच नाही बोलली. म्हनूनच ओ देल्ली, माय.

गोजरबाई: आत ये. कवाड लाव.

उकंडा: आयक. पुन्हा मारून राह्यली हाक. आता आंगनातून. तू तं माह्यासमोर बसली हाय.

गोजरबाई: तिकडं पाहू नको. ए उकंड्या, मेल्या, मुडद्या. कुठी चालला? बस इथी, माह्यापाशी.

उकंडा: कुठीच नाही चाललो. अजून म्हन, माय. तिच्यापेक्षा मोठ्यानं म्हन.