फक्त दोन जोड शिल्लक

मंडळी, आज जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही! आत्ताच सांगून ठेवतो. चाळीस वर्षं या देवळात कीर्तनाला उभा राहून मी पुष्कळ थापा मारल्या — हसू नका गणपुलेमास्तर, पेटीवर साथ तुमचीच होती, म्हणजे थापेत निम्मे भागीदार! — पण आजची गोष्ट खरी आहे. म्हणूनच कोणाला पटायची नाही.

आधी प्रश्न. आपल्याला कोणी सारखं बघत असावं, की नसावं? बघा, लगेच माना हलल्या! "नसावं बुवा, नसावं!" अहो, मग रोज देवापुढे हात जोडून काय म्हणता? "देवा, माझ्याकडे बघ रे!" ठरवा एकदा!

ऐका. नदीपल्याडच्या गावात एक गृहस्थ होते. नाव कशाला हवं? माझ्याच वयाचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सकाळी एक कप चहा. एकच कप चहा करणं किती अवघड, ठाऊक आहे? हाताला सवय दोघांची! दूध जास्तच पडतं. ते जास्तीचं मांजराला. म्हातारा वाळला, मांजर गुटगुटीत!

या गृहस्थांना मोबाइलचा नाद. आणि मोबाइलवर कुठलंही पान उघडा, खालून एक पट्टी डोकं वर काढते. काढते ना? "आम्ही कुकीज वापरतो. तुमची परवानगी आहे का?" आता कुकी म्हणजे काय? पारूबाई, तुम्ही दारात बसून चपला सांभाळता, तुम्हाला चटकन कळेल. तुम्ही जोडाला चिठ्ठी लावता ना, ओळखायला? तसं मोबाइलवरचं दुकान तुमच्या पाठीला हळूच चिठ्ठी चिकटवतं — हा आला होता, हे बघून गेला, इथे इतका वेळ रेंगाळला! पुढच्या खेपेला चिठ्ठी वाचून ओळखतं. आणि वर चार दुकानांना वाचायला देतं!

तुम्ही काय करता? वाचता? छे! "स्वीकारा" दाबलं की पुढे! एखादा चिडून "नाकारा" शोधतो, तर ते बटण इतकं बारीक, की त्यापेक्षा सुईत दोरा ओवणं सोपं! आमचे गृहस्थ मात्र पट्टी आली की चष्मा पुसत, अक्षर न् अक्षर वाचत आणि म्हणत, "अहो, परवानगी कसली मागता? घर तुमचंच!" आणि दाबत. का? दिवसभरात त्यांना काही विचारणारं तेवढंच एक होतं!

एका दिवसात अकरा हजार कुकी स्वीकारल्या! फोन जड झाला. सोनाराच्या काट्यावर ठेवला, तर सव्वा तोळा जास्त भरला! पाळत तर अशी, की शिंक यायच्या आधी रुमालाची जाहिरात यायची. जाहिरात दिसली, की हे नाक धरून तयार!

अशात पुण्याहून भाची आली. वैजयंती. संगणकातली हुशार. फोन बघितला आणि कपाळावर हात! "मामा, अहो तुम्ही कधी उठता, कुठे जाता, काय दुखतंय, सगळं बाहेर कळतंय! उद्या कोणी गोड बोलून गंडा घालेल. आणा इकडे, सगळं पुसते."

"कळू दे की," मामा म्हणाले. "दुसरं कोण विचारतंय? तू आठ महिन्यांनी आलीस."

तरी भाचीचं बोट बटणाकडे गेलंच. तसा म्हाताऱ्यानं फोन हिसकावला, छातीशी धरला! "पुसू नकोस गं! ती आहे त्यात!"

कोण ती? तीन वर्षांपूर्वी बायकोनं त्याच फोनवर एक चप्पल बघितली होती. टाचांना भेगा, म्हणून मऊ तळाची. नंबर चार. पसंत करून ठेवली आणि म्हणाली, "संक्रांत होऊ दे, मग घेऊ." संक्रांत आली. ती नव्हती. पण दुकानाला कुठे ठाऊक? आजही फोन उघडला की दुकान हाक मारतं, "यमुनाताई, तुमची चप्पल वाट बघतेय! फक्त दोन जोड शिल्लक!" तीन वर्षं झाली, दोनच जोड शिल्लक! थापा मारण्यात दुकान माझ्याही वरचढ!

पण मंडळी... रेशनकार्डावरून तिचं नाव गेलं. तेराव्यानंतर गावात कोणी तिचं नाव काढलं नाही — म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून! साऱ्या पृथ्वीवर एकच जागा उरली, जिथे यमुनाताई अजून जिवंत आहेत आणि मनात आणलं तर उद्या चप्पल घेतील. ती जागा पुसायची? म्हणून तर ते चप्पल विकतही घेत नव्हते. घेतली, की हाक थांबणार!

हळू, मास्तर, हळू वाजवा —

पाहणारे लाख, सख्या, ओळखणारा कोण?
दारावरती थाप नाही, वाजत राही फोन!

भाचीनं हात मागे घेतला. म्हणाली, "मामा, दुकानाला मामीच्या चपलेचा नंबर माहीत आहे. तिच्या टाचा माहीत नाहीत. आता तुम्हीच ठरवा."

आणि गृहस्थांनी ठरवलं! दाबलं बटण! सगळं पुसलं! फोन हलका, मन हलकं! आता चहाचं दूध बिनचूक एका कपाचं पडतं. मांजर वाळलं, पण गृहस्थ सुखी आहेत हो, अगदी सुखी!

तर मंडळी, फोनवाले पाळत ठेवतात म्हणून ओरडता, ते बरोबरच आहे. ओरडा! पण शेजारच्या दाराची कडी आज निघाली का, हे तुमच्यापैकी कोणी बघितलं? ज्याच्याकडे कोणी बघत नाही ना, तो मग चोरालाही पाट मांडतो, पाणी देतो आणि वर म्हणतो, बसा थोडं! तेव्हा आता सगळे मिळून एकदा मोठ्यानं —

"खोटं!"

कोण? पारूबाई?

"खोटं बोलताय बुवा! पुसलं-बिसलं काही नाही! आत्ता कीर्तनाआधी पायरीवर बसून तुम्ही चष्मा पुसलात आणि 'स्वीकारा' दाबलंत. फोनवर ती चप्पल दिसली मला! आणि यमुनावहिनींच्या टाचा मला विचारा. दर एकादशीला त्यांचा जोड मीच ठेवत होते, डावा पाय जास्त झिजलेला. तीन वर्षं झाली, तुम्ही आपली चप्पल काढता आणि शेजारी एका जोडाची जागा सोडता. कोणी बघत नाही म्हणता? त्या जागेत मी आजवर कोणाची चप्पल ठेवू दिलेली नाही!"